दळण गिरणीत द्या, चिठ्ठी घरी ठेवा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपून:

«मी अमळनेर तालुक्यातली. आखाजीची (अक्षय्य तृतीयेच्या सणाची), कानबाईची आणि जात्यावरची अहिराणी गाणी हा माझा पीएच.डी.चा विषय. गाण्यांत येणारी माहेर-सासरची गावं नकाशावर मांडून जुन्या सोयरिकी कुठवर पोचत होत्या ते पाहायचं आहे. जवळ ४० तासांचं ध्वनिमुद्रण आहे, जुन्या छापील गीतसंग्रहांची स्कॅन केलेली ६०० पानं आहेत आणि गावांच्या नावांचे १,१४० उल्लेख एका एक्सेल तक्त्यात आहेत. चुलतभावानं लिहून दिलेल्या छोट्या प्रोग्रामनं ही सगळी नावं एका नकाशा-सेवेला पाठवली. दोनशेएक उत्तरं आली आणि मग सेवेनं दारच लावून घेतलं. आलेल्या उत्तरांत नशिराबाद राजस्थानात निघालं, आणि वीसेक गावं चक्क समुद्रात. तीन महिन्यांनी तेच पुन्हा केलं तर काही उत्तरं बदलली. सर म्हणतात, सगळ्याचं एक पोर्टल करा. भाऊ म्हणतो, गाणी मशीनकडून लिहून घे. मी काय करू? आणि बायकांचे आवाज असे बाहेर पाठवावेत का?»

ताई, पोर्टलचं आधी बोलू, कारण त्यात तुमचं एक वर्ष जाऊ शकतं. पोर्टल करू नका. जर्मनीत क्लॅरिन या भाषा-संशोधनाच्या प्रकल्पात वेबलिख्ट नावाची व्यवस्था आहे. भाषेवरच्या छोट्या छोट्या सेवा एकीला एक जोडून त्यात मजकूर सोडता येतो. जपानमध्ये २००६ पासून लँग्वेज ग्रिड उभं राहिलं, त्यातही हीच कल्पना. दोन्हींच्या मागे संस्था आहेत, पगारी माणसं आहेत, वर्षानुवर्षांचा पैसा आहे. एकट्या संशोधकाचं पोर्टल प्रबंध जमा झाला की दुसऱ्या वर्षी बंद पडतं, कारण सर्व्हरचं भाडं भरायला कोणी उरत नाही. तुम्हाला पोर्टल नको, कामांची साखळी हवी. साखळीतली प्रत्येक कडी एक फाईल घेईल आणि एक फाईल देईल. मधली एखादी कडी उद्या बदलावी लागली तरी बाकीचं काम जागच्या जागी राहील.

«सेवा» म्हणजे काय ते गिरणीवरून चटकन कळतं. ज्वारी-उडदाचा कळणा दळायला दिलात, डब्यावर चिठ्ठी चिकटवली: नाव, काय आहे, जाडं की बारीक. जातं गिरणीवाल्याचं, वीज त्याची, धान्य तुमचं. आत पट्टा कसा फिरतो ते तुम्हाला कळायची गरज नाही. डबा कसा द्यायचा आणि पीठ कसं परत येणार, एवढा करार ठरलेला असला की झालं. संगणकाच्या सेवेत डबा म्हणजे विनंती, चिठ्ठी म्हणजे तिच्यासोबतचे पर्याय, आणि पीठ म्हणजे उत्तर, जे आजकाल बहुतेक जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या रूपात येतं. गिरणीतले धोकेही इथे जसेच्या तसे आहेत. आधीच्या दळणाचं पीठ तुमच्यात मिसळतं, गिरणीवाला न सांगता जातं बदलतो, आणि रांग मोडली तर तो हाकलून देतो. तुमच्या बाबतीत तिन्ही झालं आहे.

हाकलून का दिलं? ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालणारी नॉमिनॅटिम ही सार्वजनिक सेवा घ्या. तिचा नियम उघड लिहिलेला आहे: सेकंदाला जास्तीत जास्त एक विनंती, एका वेळी एकच, पाठवणाऱ्या प्रोग्रामची खरी ओळख सोबत, आणि आलेलं उत्तर स्वतःकडे साठवणं, म्हणजे तेच पुन्हा विचारावं लागू नये. एका वेळचं छोटं काम तिथे चालतं, मोठ्या घाऊक कामाला स्वतःची प्रत बसवा असं ते सांगतात. भावाच्या प्रोग्रामनं बहुधा थांबा न ठेवता नावांची सरबत्ती केली. अशा वेळी उत्तरात ४२९ हा आकडा येतो, म्हणजे «फार भराभर विचारता आहात». ५०३ आला तर सेवा तात्पुरती बंद आहे. दोन्ही वेळा पुन्हा लगेच ठोठावू नये. २ सेकंद थांबा, मग ४, मग ८, मग १६, आणि तरी नाही तर ते नाव बाजूला ठेवून पुढे जा. आणि एक गफलत सगळ्यांचीच होते: २०० आला म्हणजे गाव सापडलं असं नाही. सेवेनं प्रश्न ऐकला एवढाच त्याचा अर्थ. आत रिकामा कंसही असू शकतो.

मुळात १,१४० विनंत्या पाठवायचं कारणच नव्हतं. हे उल्लेख आहेत, गावं नव्हेत. «धरणगाव» साठ वेळा आलं असेल तर ते एकदाच विचारायचं. आधी वेगवेगळी नावं वेगळी काढा. समजा ती ४१२ निघाली. दोन सेकंदांच्या अंतरानं ४१२ विनंत्यांना जेमतेम १४ मिनिटं लागतात.

प्रोग्राम लिहायचा नसेल तर ओपनरिफाइन हे मोफत साधन आपल्याच संगणकावर चालतं. त्यात तक्त्याच्या स्तंभावरून वेब-पत्ते बनवून सेवेकडून उत्तर आणण्याची सोय आहे आणि दोन विनंत्यांमधलं अंतर मुळातच ५,००० मिलिसेकंद ठेवलेलं असतं. ते कमी करायची घाई करू नका. ४१२ नावांना सुमारे ३५ मिनिटं, तेवढ्यात स्वयंपाक होतो. चूक आली तर «रिकामं सोडा» न निवडता «चूक साठवा» निवडा. रिकामा रकाना पाहून गाव सापडलं नाही की वीज गेली होती, हे दोन महिन्यांनी कोण सांगणार? पत्ता बनवताना नाव एस्केप करायला, म्हणजे वेब-पत्त्यात चालतील अशा चिन्हांत बदलायला, विसरू नका. «धुळे» हा शब्द संगणकाला चार चिन्हांचा दिसतो: ध, उकार, ळ आणि मात्रा. मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येकाचे ३ बाइट, म्हणजे १२, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांनी लिहायचा, म्हणून ३६ अक्षरं. ही पायरी सुटली की काही सेवा अर्धवट नाव वाचतात आणि भलतंच उत्तर देतात.

आता समुद्रातली गावं. जळगाव साधारण २१.० उत्तर अक्षांश आणि ७५.५६ पूर्व रेखांशावर आहे. आकड्यांची अदलाबदल करा: ७५.५६ उत्तर, २१.० पूर्व. ही जागा नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्डच्या दक्षिणेकडच्या बॅरेंट्स समुद्रात पडते. काही सेवा आधी अक्षांश देतात, काही आधी रेखांश. नकाशाच्या फाईलींच्या जिओजेसन या प्रकारात रेखांश आधी असतो. दोन ठिकाणांहून भरलेले तक्ते एकाखाली एक चिकटवले की वीसेक गावं हमखास बुडतात. तपासणी सोपी आहे: खान्देशातल्या गावाचा अक्षांश २०.२ ते २२.१ आणि रेखांश ७३.५ ते ७६.५ यांच्यात असायला हवा. अक्षांशाच्या रकान्यात ७० च्या वरचा आकडा दिसला की ती ओळ उलटी आहे.

नशिराबादचं कारण वेगळं. सेवेला तुम्ही फक्त नाव दिलंत, आणि अजमेरजवळही एक नशिराबाद आहे. एका नावाची अनेक गावं असली की सेवा तिच्या लेखी जे ठळक ते वर ठेवते. पिंपळनेर साक्री तालुक्यात आहे तसंच बीडकडेही आहे. शिरपूर धुळे जिल्ह्यात आहे तसंच वाशीमकडेही. म्हणून चिठ्ठी पूर्ण लिहा: देश भारत, शोधाची चौकट म्हणजे वर दिलेल्या अक्षांश-रेखांशांच्या मर्यादा, आणि एक नव्हे तर पहिली पाच उत्तरं मागा. प्रत्येक उत्तरात «प्रकार» असतो तो वाचा. गाव, वस्ती, रस्ता, रेल्वे स्थानक की तालुका? गाव सापडलं नाही तर कधी कधी त्या नावाचा रस्ता किंवा थांबा समोर येतो, आणि नकाशावर टिंब मात्र खरं वाटेल असंच उमटतं.

चौकटीलाही फार डोक्यावर बसवू नका. चौकटीत मालेगाव येतं, बऱ्हाणपूर येतं, बागलाणचा भाग येतो, आणि सोयरिक काही जिल्ह्याची हद्द पाहून होत नाही. तुमचा प्रश्नच सोयरिकी कुठवर पोचत होत्या हा आहे. चौकट घट्ट बांधली तर उत्तर आधीच ठरवल्यासारखं होईल. पहिली फेरी चौकटीत, आणि उरलेल्या नावांची दुसरी फेरी चौकटीबाहेर, असं करा आणि कोणतं गाव कोणत्या फेरीत मिळालं ते वेगळ्या रकान्यात लिहा.

नाव हीच ओळख मानलीत तर कायम गोंधळ राहील. खुर्द, बुद्रुक, आणि नावापुढचं «प्र.» म्हणजे प्रगणे, हे सगळं आपल्याकडे गावाच्या ओळखीचा भाग आहे, पण गाण्यात ते कधीच येत नाही. गाणारी नुसतं «पिंपरी» म्हणते. तेव्हा सापडलेल्या गावाला जनगणनेचा गाव-संकेतांक जोडा. २०११ च्या जनगणनेत तो सहा आकडी आहे, आणि जिल्ह्यांचे क्रमांक नंदुरबार ४९७, धुळे ४९८, जळगाव ४९९. २००१ मध्ये हेच जिल्हे ०१, ०२, ०३ होते. एक्सेल हा पुढचा शून्य खाऊन टाकतं, मग ०१ चा १ होतो आणि दोन तक्ते एकमेकांना जुळत नाहीत. फाईल थेट न उघडता आयात करा आणि तेव्हाच तो स्तंभ «मजकूर» प्रकारचा करा.

जुन्या इंग्रजी साधनांतली नावं जुळवताना सनावळ डोळ्यांसमोर ठेवा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खान्देशावरचा १२ वा खंड १८८० चा आहे, तेव्हा जिल्हा एकच होता. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खान्देश झाले, १९६० मध्ये त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली, नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा निघाला. १८८० च्या पानावर सावदे हा स्वतंत्र तालुका दिसतो, आज सावदा रावेर तालुक्यात आहे. आजची सेवा तुमच्या वतीनं हा हिशेब करणार नाही. तालुक्याचे दोन रकाने ठेवा, एक साधनातला आणि एक आजचा. मिळत्याजुळत्या नावांचे गट पाडण्याची ओपनरिफाइनची सोय चांगली आहे, पण तिनं सुचवलेलं प्रत्येक एकत्रीकरण डोळ्यांनी पाहून मगच मान्य करा. वडजी आणि वडली यांत फरक एका अक्षराचा आहे. यंत्राला ती टंकचूक वाटते, भडगाव-जळगावकडच्या माणसाला नाही.

तीन महिन्यांनी उत्तरं का बदलली, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. खुल्या नकाशात रोज माणसं भर घालतात. काल नसलेलं गाव आज असतं, आणि उत्तरांचा क्रम लावायची पद्धतही मागच्या मागे बदलते. यात सेवेचं काही चुकलं नाही. पण प्रबंधातला नकाशा ज्या उत्तरांवर उभा आहे ती उत्तरं तुमच्याकडे नसतील, तर परीक्षकानं विचारल्यावर दाखवायला काहीच राहत नाही. म्हणून प्रत्येक विनंतीचं कच्चं उत्तर, जसं आलं तसं, वेगळ्या फाईलीत साठवा. एक नाव, एक फाईल. फाईलीच्या नावात अनुक्रमांक, सेवेचं नाव आणि तारीख. शेजारी एक नोंदतक्ता: काय पाठवलं, कधी पाठवलं, कोणत्या पत्त्यावर, कोणते पर्याय, कोणता उत्तर-क्रमांक आला. त्या कच्च्या फाईलींना पुन्हा हात लावायचा नाही. दुरुस्त्या वेगळ्या तक्त्यात करायच्या. याचा रोजचा फायदाही आहे: मेच्या दुपारी वीज गेली तरी प्रोग्राम पुन्हा सुरू करताना ज्यांची फाईल आधीच आहे ती नावं वगळून पुढे जातो. कामाचा आवाका वाढला तर जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून भारताच्या पश्चिम विभागाची ओपनस्ट्रीटमॅपची प्रत उतरवून ठेवा. ती त्या तारखेला गोठलेली असते, तिच्यावर कितीही वेळा तेच विचारा, उत्तर तेच.

छापील ६०० पानांकडे वळू. त्यांचं अक्षरवाचन, म्हणजे पानाच्या चित्रातून मजकूर काढणं, करायला टेसरॅक्ट आहे, ते घरच्या संगणकावर चालतं. विकिमीडियाचं अक्षरवाचनाचं साधनही आहे, त्यात वेगवेगळी इंजिनं निवडता येतात. स्कॅन ३०० डीपीआयपेक्षा कमी नको. मोबाइलनं काढलेल्या फोटोत पानाची घडीकडची बाजू वाकते आणि तिथल्या मात्रा-वेलांट्या उडतात. गाणी दोन स्तंभांत छापलेली असतील तर पान आधी मधोमध कापा. नाहीतर डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ जोडून तिसरंच गाणं तयार होतं.

वाचन किती बरोबर आलं हे अंदाजानं सांगू नका, मोजा. दर पन्नासावं पान घ्या, म्हणजे १२ पानं. ती हातानं टंकित करा आणि यंत्राच्या मजकुराशी ताडून पाहा. एका पानात १,५०० अक्षरं आणि ७५ चुका, म्हणजे ५ टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण शब्द सरासरी पाच अक्षरांचा धरला तर पाचही अक्षरं बरोबर असण्याची शक्यता ७७ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे दर चार-पाच शब्दांमागे एक शब्द नासलेला. गावांची नावं शोधायला असा मजकूर पुरत नाही. वाचायला घेताना कुठे आहे ते सापडावं, एवढ्यापुरता तो चालेल.

आणि अहिराणीचं खास दुखणं इथेच आहे. मराठीवर तयार झालेलं यंत्र अहिराणीला चुकीची मराठी समजतं. «डोया» दिसलं की त्याला «डोळा» जवळचा वाटतो, «पानी» चं «पाणी» होतं, «तुना» चं «तुला». «माले माहेरले जानं शे» हे वाक्य «मला माहेरला जाणं आहे» होऊन परत येऊ शकतं. वाचायला गुळगुळीत, पण तुमचा पुरावा तेवढ्यात पुसला गेला. अक्षराला अक्षर न लागणारी चूक परवडते, कारण ती डोळ्यांत खुपते. ही गुळगुळीत चूक घातक. उपाय म्हणून एकच पान «मराठी» मॉडेलनं आणि नुसत्या «देवनागरी» लिपीच्या मॉडेलनं, असं दोनदा वाचून घ्या आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवा. ते जिथे जुळत नाहीत तिथे नजर टाका. ळ-य, ण-न या जोड्या सगळीकडे वेगळ्या तपासा. २०११ च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी त्यातच धरलेली) बोलणाऱ्यांची नोंद सुमारे १८.६ लाख आहे, पण ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. भाषिणीसारख्या सरकारी भाषांतर-सेवा अनुसूचीतल्या २२ भाषा समोर ठेवून उभ्या आहेत. त्यामुळे सेवेत «मराठी» निवडता आहात याचा अर्थ काय होतो, हे भान दरवेळी असू द्या. फाईलींवर भाषेचा संकेत लिहिताना मराठीचा लावू नका. भाषांच्या संकेतांची आयएसओ ६३९-३ ही आंतरराष्ट्रीय यादी आहे, तिच्यात अहिराणीला स्वतंत्र तीन अक्षरी संकेत आहे.

डीटीपीवाल्याकडून टंकित करून घेतलेली गाणी असतील तर आणखी एक खड्डा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत रोमन चिन्हं असतात. तो तसाच सेवेला दिलात तर तिला तो कचराच दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदला, आणि बदलल्यावर «आर्थिक», «धार्मिक» असे शब्द मुद्दाम तपासा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकाच अक्षरावर आले की परिवर्तक हमखास अडखळतो. युनिकोडमध्येही «दुसऱ्या» मधला ऱ्य दोन प्रकारे टंकित होतो: स्वतंत्र ऱ वापरून, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे, शोधात मात्र एक सापडतो आणि दुसरा नाही. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण हा फरक मिटवत नाही, ते काम शोधा-बदला करून हातानं उरकावं लागतं. ओळीच्या शेवटी दंडाऐवजी कीबोर्डवरची उभी रेघ टंकित केली असेल तर तीही बदला. ती रेघ अनेक ठिकाणी स्तंभ तोडायला वापरतात, आणि तुमच्या ओवीचे दोन रकाने होतात.

ध्वनिमुद्रणाबाबत भावाचं ऐकू नका. गाणी यंत्राकडून लिहून घेऊ नयेत. एक तर वरचंच दुखणं, शिवाय सूर, जात्याची घरघर, चार जणींचा एकत्र आवाज. व्हिस्परसारखं मॉडेल २०२२ पासून खुलं आहे, ते स्वतःच्या संगणकावर चालतं ही त्याची जमेची बाजू. पण शांतता किंवा नुसता गोंगाट असला की ते न बोललेली वाक्यं रचतं, आणि ध्रुवपद आलं की एकच ओळ उगाळत बसतं. गाण्यांमधल्या मराठी गप्पा किंवा मुलाखतीचे भाग असतील तर कच्चा मसुदा म्हणून वापरा. गाणी हातानंच लिहायची, आणि त्यासाठी ईलान हे साधन बरं: आवाजाच्या पट्टीखाली ओळीगणिक मजकूर, गावाचं नाव आणि शेरा असे वेगळे थर लावता येतात. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला सहा ते दहा तास धरा. ४० तासांचं गणित मोठं दिसतं, पण सगळं लिहायचं नाही. पहिल्या ऐकण्यात गावाचं नाव आलं ती जागा फक्त खुणा करून ठेवा, आणि त्या कडव्यांपासून सुरुवात करा.

यंत्राला द्यायची प्रत वेगळी काढा: १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकच वाहिनी. तिचा तासाला सुमारे ११५ एमबी, म्हणजे ४० तासांना ४.६ जीबी. मूळ ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन वाहिन्यांचं असेल तर तासाला एक जीबीहून थोडं जास्त, एकूण ४१-४२ जीबी. मूळ दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. एमपी३ करून मूळ पुसू नका, स्वर-उच्चारांचा अभ्यास उद्या कोणाला करायचा असेल तर तो त्यातून होत नाही.

आवाज बाहेर पाठवावेत का? परवानगी घेतल्याशिवाय नाही. «गाणं रेकॉर्ड करू का?» याला आलेलं «हो» पुढच्या सगळ्याला लागू होत नाही. तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: रेकॉर्ड करू का, प्रबंधात वापरू का, आणि बाहेरच्या कंपनीच्या संगणकावर पाठवू किंवा लोकांसाठी खुलं ठेवू का. अहिराणीतून विचारा, उत्तर आवाजातच नोंदवा, आणि तिसऱ्याला नकार आला तर ती फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये. गाण्यांत सासू-नणंदांची नावं येतात, मारहाणीचे उल्लेख येतात, आणि गावात आवाज ओळखायला वेळ लागत नाही. कागदावर नाव झाकलं म्हणून माणूस झाकला जात नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, विद्यापीठाच्या नीतिसमितीला त्याबद्दल लेखी विचारून ठेवा. फुकटच्या सेवांच्या अटींत «दिलेली माहिती सेवा सुधारण्यासाठी वापरू» असं कलम असतं का ते पाहा. असेल तर तिथे परवानगीशिवायचा एकही आवाज जाता कामा नये. अटींचं ते पानही त्या तारखेची प्रत काढून जपा, कारण अटीही बदलतात.

सेवेची किल्ली, म्हणजे खात्याला मिळणारा लांबलचक संकेत, प्रोग्रामच्या आत लिहू नका. वेगळ्या फाईलीत ठेवा. प्रोग्राम परिशिष्टात छापला, प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढला आणि किल्ली सगळ्या देशाला मिळाली, असं व्हायला फार काही लागत नाही.

संशोधनपद्धतीच्या प्रकरणात «गावांचं स्थाननिश्चितीकरण ऑनलाइन केलं» हे वाक्य पुरेसं नाही. असं काही लिहा: «४१२ नावं अमुक सेवेला अमुक ते अमुक तारखांना पाठवली, पर्याय असे होते, इतक्यांना एकच उत्तर आलं, इतक्यांना एकाहून अधिक, इतक्यांना काहीच नाही. एकाहून अधिक असताना निवड अशी केली.» आकडे तुमच्या नोंदतक्त्यातून आपोआप निघतील. कच्च्या फाईली, नोंदतक्ता आणि दुरुस्त तक्ता एकत्र बांधून झेनोडो या संशोधनाच्या खुल्या साठ्यावर ठेवलेत तर त्याला कायमचा डीओआय क्रमांक मिळतो, तो प्रबंधात द्या. आवाज तिथे टाकू नका, ज्यांनी तिसऱ्या प्रश्नाला हो म्हटलं त्यांचे सोडून. नकाशावर ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय छापणं बंधनकारक आहे, तळाशी एक ओळ पुरते.

शेवटी पाच-पंचवीस नावं अशी उरतील की सेवा पाच उत्तरं देईल आणि पाचही शक्य वाटतील. त्यांत पिंपरी असेल, वडगाव असेल, शिरूड असेल. इथे सेवेला आणखी पैसे किंवा आणखी पर्याय देऊन काही होत नाही, कारण तिला माहीत नसलेली गोष्ट गाणाऱ्या बाईला माहीत आहे. नकाशावर अशा गावांना भरीव टिंब न देता पोकळ टिंब द्या आणि खाली तशी खूण छापा. या नावांची एक पानी यादी काढा, प्रत्येकाखाली ते आलेलं कडवं आणि शक्य गावं तालुक्यासकट लिहा. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोका बांधलेला असतो, एका अंगणात दहा गावांच्या सासुरवाशिणी भेटतात. यादी घेऊन तेव्हा बसा. «कोनती पिंपरी?» एवढंच विचारा आणि रेकॉर्डर चालू ठेवा.